अड्याळची वाइनरी

"आमच्या भंडारा जिल्ह्यातही वाइनरी आहेत ना जी. एक नाही, तीन!"

हे वाक्य भैयाजी गिऱ्हेपुंजे यांच्या तोंडून बाहेर पडलं तेव्हा त्यांच्या हातात चिवड्याची बशी होती. वाक्य खोटं आहे हे त्या खोलीत फक्त दोघांना ठाऊक होतं. एक स्वतः भैयाजी आणि दुसऱ्या त्यांच्या पत्नी उषाबाई. भैयाजींना ते बोलून झाल्यावर कळलं. उषाबाईंना बोलण्याआधीच, नवऱ्याच्या मानेवरची शीर फुगली तेव्हाच कळलं होतं.

खोली नागपुरातली, धर्मेंद्र चेटुले यांच्या घरातली. चेटुल्यांचा मुलगा प्रितम आणि भैयाजींची मुलगी रुचिका यांनी एकमेकांना पसंत केलं होतं, पत्रिका जुळली होती, निर्मलाबाई चेटुल्यांना उषाबाईंच्या हातचे अनारसे आवडले होते. राहिली होती ती फक्त साक्षगंधाची, म्हणजे साखरपुड्याची, तारीख. ती आता निघणार, तेवढ्यात धर्मेंद्रजींनी टीव्हीवर फोटो लावले. नाशिककडे ते मित्रांसोबत सायकलनं एका वाइनरीवरून दुसऱ्या वाइनरीवर फिरले होते. द्राक्षांचे मळे, लाकडी पिंपं, लांब दांड्याचे पेले, पेल्यात नाक घालून उभे असलेले धर्मेंद्रजी. भैयाजींनी बराच वेळ सहन केलं. पण फोटो संपेनात. 'तुमच्या लाखनीकडे काय आहे हो?' असं कोणीही विचारलं नाही. भैयाजींना मात्र तो प्रश्न स्वच्छ ऐकू आला आणि त्यांनी उत्तर देऊन टाकलं.

धर्मेंद्रजी मितभाषी गृहस्थ. त्यांनी चष्मा वर केला आणि म्हणाले, "इंटरेस्टिंग."

मग थोडं थांबून म्हणाले, "दिवाळीनंतर मंडईच्या दिवसांत येतो मी सायकल घेऊन. तुमचं गावही पाहू, वाइनरीही पाहू. मग काढू तारीख."

आता इथे एक गोष्ट सांगायला हवी. येताना रुचिकानं बापाला दहादा बजावलं होतं की, बाबा, त्यांच्याकडे खोटं बोललेलं मुळीच चालत नाही. प्रितमची आधीची सोयरीक त्यांनी ह्याच कारणावरून मोडली होती. मुलीकडच्यांनी घर स्वतःचं आहे म्हणून सांगितलं होतं आणि ते निघालं किरायाचं. तेव्हा धर्मेंद्रजी रागावले नाहीत, ओरडले नाहीत. नुसतं "इंटरेस्टिंग" म्हणाले आणि चप्पल घालून निघून गेले.

परतीच्या एसटीत उषाबाई मौद्यापर्यंत बोटांवर वाइनरी मोजत बसल्या. मौदा गेल्यावर म्हणाल्या, "काहो, तीन कुठून आणल्या तुम्ही?"

"निघालं ना तोंडातून."

"मंग एकच निघू द्यायची होती."

भैयाजी हायस्कुलातून मुख्य लिपिक म्हणून निवृत्त झाले होते. आपली सही असल्याशिवाय शाळेत खडूसुद्धा हलत नाही, अशा वातावरणात त्यांचं आयुष्य गेलं होतं. अशा माणसाला एकच गोष्ट झेपत नाही, ती म्हणजे मान खाली घालून फोन करणं आणि 'चुकून बोललो' म्हणणं. त्यापेक्षा वाइनरी शोधणं सोपं, असं त्यांना प्रामाणिकपणे वाटलं.

पहिला सल्ला शेजारच्या कवडूचा. कवडूचं सायकल दुरुस्तीचं दुकान. लाखनीत हायवेवरून दिवसरात्र ट्रक जातात, पण कवडूच्या दुकानात दिवसाला एक पंक्चर आलं तरी तो अगरबत्ती लावतो. सायकलची सहल म्हटल्यावर त्याचे डोळे लुकलुकले.

"सोपं हाय ना भैयाजी. पयली म्हणा, दुरुस्तीसाठी बंद हाय. तिसरी म्हणा, गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात गेली. कोण डुबकी मारून पाहते? राहिली एक. एक तं निघते कुठंतरी."

"अरे, पण ते खोटं होते ना गा!"

"तुमचं एक हायच. त्याच्या सोबतीले दोन."

दुसरा सल्ला वरच्या खोलीतला भाडेकरू अनुप याचा. अनुप बँकेत आहे आणि त्याच्याकडे गिअरची सायकल आहे. गिअर बदलला की चेन पडते, म्हणून तो गिअर बदलत नाही. त्यानं फोनमध्ये पाहून सांगितलं की मोहफुलांपासून वाइन करण्याचा एक प्रकल्प जिल्ह्यात होऊ घातला आहे. तिघं मोटरसायकलवर ती जागा पाहून आले. तिथे एक फलक होता, त्यावर 'नियोजित' एवढंच वाचता येत होतं आणि फलकाच्या खांबाला बकरी बांधली होती. कवडू म्हणाला, बकरी काढून फोटो घेतला तर शोभेल. भैयाजी घरी येऊन झोपले.

ह्या सगळ्या काळजीनं त्यांचं पोट बिघडलं आणि पोटामुळेच वाट सापडली. पोटाच्या तक्रारीसाठी ते वर्षानुवर्षं अड्याळच्या डोमाजी वैद्यांकडे जात. डोमाजींच्या घरामागे अरिष्टांचा, म्हणजे आंबवून केलेल्या औषधांचा, छोटा कारखाना. तिथे कोंड्यात पुरलेली मोठमोठी मडकी, तोंडाला कापड आणि माती लिंपलेली. आत गूळ, मनुका, मोहफुलं, धायटीची फुलं महिना-महिना आंबत पडलेली. पुडी घ्यायला गेलेले भैयाजी त्या मडक्यांसमोर उभे राहिले आणि उभेच राहिले. मनुका म्हणजे द्राक्षं. मोहफुलं म्हणजे तर विचारूच नका. आंबवणं तेच, मुरवणं तेच, बाटलीत भरणं तेच. मग वाइनरी म्हणजे आणखी वेगळं काय असतं?

"डोमाजी," ते हळूच म्हणाले, "ह्याले वाइनरी म्हटलं तं चालते का?"

डोमाजींची तीन पिढ्यांची वैद्यकी. त्यांचा चेहरा असा झाला की जणू कोणी त्यांच्या देवघरात चपलेसकट शिरलं.

"माह्या अरिष्टाले दारू म्हणता तुम्ही? भैयाजी, तुम्ही शिकलेले माणूस!"

भैयाजींनी मग सगळं सांगितलं. पोरीचं नाव काढल्यावर डोमाजी विरघळले. त्यांनी रुचिकाला लहानपणी गुटी दिली होती. बराच विचार करून ते म्हणाले, "मी खोटं बोलणार नाही. पण कोणी विचारलं नाही, तं सांगणारही नाही. मंजूर?"

मंजूर न होऊन सांगता कोणाला?

पण भैयाजी कायद्याचे माणूस. वाइन प्यायची तर सरकारचा परवाना लागतो, असं त्यांनी ऐकलं होतं. ते एका कार्यालयात गेले. खिडकीतल्या बाबूंनी विचारलं, "काय पिणार?"

"अरिष्ट."

"ते औषध आहे. औषधाले परवाना लागत नाही."

"पण आम्ही ते वाइन म्हणून पिणार आहोत."

बाबूंनी पेन खाली ठेवलं. "वाइन असंल तं परवाना लागते. पण मी परवाना दिला, म्हणजे ते वाइन आहे असं मीच म्हटलं. मंग त्या वैद्याले वाइन बनवायचा परवाना लागते. तो नसंल तं ते बेकायदेशीर. बेकायदेशीर वस्तू प्यायले मी परवाना देऊ शकत नाही."

"मंग आम्ही औषध म्हणून पिलो तं?"

"तं इथं आले कायले?"

भैयाजी खिडकीपासून मागे सरले. आयुष्यभर खिडकीच्या आतल्या बाजूला बसून त्यांनी लोकांना असाच घाम फोडला होता. बाहेरच्या बाजूनं हे इतकं गोल गोल असतं हे त्यांना माहीत नव्हतं. ते परवान्याशिवाय परतले, आणि आपण गुन्हा करणार आहोत की उपचार घेणार आहोत, हे त्यांना शेवटपर्यंत नीट समजलं नाही.

ठरल्या रविवारी सकाळी धर्मेंद्रजी आले. गाडीच्या टपावर सायकल, डोक्याला शिरस्त्राण, डोळ्यांना निळा चष्मा, अंगात पिवळाजर्द टी-शर्ट आणि खाली काळी, घट्ट, मांडीवर संपणारी चड्डी. उषाबाईंनी पदर तोंडाला लावला आणि आत जाऊन नवऱ्याला विचारलं, "ह्यायची पँट कुठं पडली का रस्त्यात?"

भैयाजींकडे दुसऱ्याच्या पोशाखावर हसायची सोय नव्हती. त्यांच्या वाट्याला आलेली सायकल रुचिकाची, शाळेतली. गुलाबी. पुढे टोपली, घंटीवर फुलपाखरू. कवडूनं तेलपाणी करून दिलं होतं, पण रंगाला तो काय करणार? टोपलीत उषाबाईंनी चिवड्याचा डबा आणि पाण्याची मोठी बाटली ठेवली.

धर्मेंद्रजींनी गुलाबी सायकल पुढून पाहिली, मागून पाहिली. म्हणाले, "इंटरेस्टिंग."

इथून भैयाजींच्या डोक्याचा भुगा व्हायला सुरुवात झाली. चेटुल्यांचं 'इंटरेस्टिंग' हे कौतुक होतं, टोमणा होता की चप्पल घालण्याची पूर्वतयारी होती? हायवे सोडून पुढे हे दोघं आणि मागे कवडू नि अनुप, असे चौघं आतल्या रस्त्याला लागले. दोन्ही बाजूंना धानाची कापणी चालली होती, बांध्यांमध्ये, त्या चौकोनी खाचरांत, धानाचे भारे पडले होते, मधल्या धुऱ्यांवर, म्हणजे बांधांवर, माणूसभर उंचीच्या तुरी पिवळ्या फुलल्या होत्या. भैयाजींनी ते सगळं हात करून दाखवलं. "इंटरेस्टिंग," धर्मेंद्रजी म्हणाले. पुढे एक म्हैस आडवी आली. तीही इंटरेस्टिंग निघाली. एखाद्या माणसाला म्हैस आणि आपण सारखेच वाटत असू, तर त्यातून काय समजावं?

शेवटी प्रश्न आलाच. "पहिली वाइनरी कुठं आहे?"

"ती बंद आहे," भैयाजी म्हणाले. "दुरुस्तीसाठी."

"अन् तिसरी?"

भैयाजींनी मागे पाहिलं. कवडूनं हातानं बुडाल्याची खूण केली.

"ती... गोसीखुर्दच्या पाण्यात गेली."

धर्मेंद्रजींनी पायडल मारणं थांबवलं. सायकल आपोआप पुढे जात राहिली. "अरेरे," ते म्हणाले. "मंग पुनर्वसन झालं का तिचं?"

"चालू आहे," भैयाजी म्हणाले. त्यांच्या कपाळावर घाम आला आणि तो नोव्हेंबरच्या सकाळी आला.

"इंटरेस्टिंग."

आता मंडईची गोष्ट. दिवाळी झाली की आमच्याकडे गावोगाव मंडई भरते. दुकानं लागतात, रात्री नाटक होतं, लेकीबाळी माहेरी येतात आणि त्या दिवशी गावातून जाणारा कोणीही माणूस हा पाहुणा समजला जातो. पाहुणा जेवल्याशिवाय गेला तर वर्षभर बोल लागतो. अड्याळच्या अलीकडच्या गावात नेमकी त्या दिवशी मंडई होती आणि त्या गावात कवडूची बहीण शकुनबाई दिली होती. भैयाजींना हे माहीत नव्हतं. कवडूला माहीत होतं, पण तो गप्प होता, कारण तो सकाळपासून उपाशी होता.

शकुनबाईनं रस्त्यातच सायकली अडवल्या. "दादा, पाव्हणे घेऊन येऊन राहिला अन् पुढंच चालला? पाय धुवा जी!"

पाय धुतले. लाखोरीच्या डाळीचे वडे आले, सुवाऱ्या, म्हणजे पुऱ्या, आल्या, वांग्यात घातलेले झिंगे आले, खीर आली. शकुनबाई उठू देईना. ती उठू द्यायला लागली तेव्हा तिची जाऊ आली. "त्यायच्या घरी खाल्लं, आमचं का बाटलं?" मग जावेच्या घरी वडे, सुवाऱ्या, झिंगे. तिथून सुटले तर सासऱ्याच्या चुलतभावाचा ओटा. धर्मेंद्रजींच्या घट्ट चड्डीला तिसऱ्या घरी बसणं जमेना, तेव्हा त्यांना खाट दिली. नागपूरचे पाहुणे खाटेवर आडवे होऊन जेवतात अशी बातमी गावभर झाली आणि पोरंसोरं पाहायला आली. धर्मेंद्रजी नाही म्हणत नव्हते. जे वाढलं ते खात होते आणि दर घासाला त्यांचा आवाज बारीक होत चालला होता. "इंट... रेस्टिंग."

कसेबसे अड्याळला पोचले. कोणी सायकलवर बसलेलं नव्हतं. सगळे सायकली ढकलत होते.

डोमाजी वैद्यांनी शब्द पाळला होता. 'औषधी निर्माणशाळा' ह्या पाटीवर धोतर वाळत घातलं होतं. अंगणात सतरंजी, त्यावर स्टीलचे चार पेले. धर्मेंद्रजींनी कोंड्यात पुरलेली मडकी पाहिली, वाकून वास घेतला. डोळे मिटले.

"किती दिवस मुरवता?"

"महिना तं लागतेच. जुनं तितकं चांगलं," डोमाजी म्हणाले. हे खरं होतं.

"कोणतं फळ?"

"मनुका. मोहफुलं. अन् हरड." हेही खरं होतं.

हरड म्हटल्यावर भैयाजींच्या काळजात चर्र झालं. हरड, म्हणजे हिरडा, कशासाठी देतात हे आपल्याकडे पाळण्यातल्या पोराला ठाऊक असतं. त्यांनी डोमाजींना बाजूला घेतलं.

"डोमाजी, कोणतं काढलं हे?"

"अभयारिष्ट. तुमची तोंडं पाहून राहिलो ना मी. खाऊन खाऊन फुगले चौघंही. ह्याच्याहून चांगलं काय देऊ? दोन चमचे घ्या, तितकंच पाणी घाला, रात्री झोपताना. सकाळी कोठा साफ."

"दोन चमचे!"

"वय पाहून. तुमच्यासारख्याले दीड."

भैयाजी वळले तेव्हा धर्मेंद्रजींनी पेला काठापर्यंत भरून घेतला होता. त्यांनी तो नाशिकच्या फोटोसारखा गोल गोल फिरवला, त्यात नाक घातलं आणि भैयाजींकडे पाहिलं. "किती घ्यायची असते?"

सारं अंगण थांबलं. डोमाजींनी भैयाजींकडे पाहिलं. कोणी विचारलं तर सांगीन, असा त्यांचा शब्द होता, पण प्रश्न त्यांना विचारलेला नव्हता. कवडू आभाळाकडे पाहत होता. दोन चमचे म्हणावं, तर वाइनरी तिथल्या तिथे दवाखाना होणार होती. मग इंटरेस्टिंग, मग चप्पल, मग घरी जाऊन रुचिकाचा चेहरा. काही न म्हणावं, तर... तर काय होणार होतं हे भैयाजींना अगदी नीट माहीत होतं. बापाच्या जिवाची अशी ओढाताण शत्रूचीही होऊ नये.

"आवडीनुसार," भैयाजी म्हणाले.

डोमाजींनी डोळे मिटून घेतले.

धर्मेंद्रजींनी पेला रिकामा केला. तोंड वाकडं झालं, मग सरळ झालं. "इंटरेस्टिंग," ते म्हणाले आणि पेला पुढे केला. यजमानानं साथ द्यायला हवी म्हणून भैयाजींनीही एक पेला घेतला, त्यांनी घेतला म्हणून अनुपनं घेतला. कवडूनं तीन घेतले. त्याला सगळं माहीत होतं, पण फुकट मिळालेल्या वस्तूला नाही म्हणायची त्याच्या घराण्यात पद्धत नव्हती. वर गंमत अशी की त्या एका पेल्यानं अनुपला चढली. तो गिअर कसे बदलतात ह्यावर बोलू लागला आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

निघताना डोमाजी भैयाजींच्या कानाशी आले. "सकाळी कोठा साफ म्हटलं होतं मी. पण एवढ्या मात्रेले सकाळची वाट पाहावं लागणार नाही. लवकर निघा."

अड्याळ मागे पडलं. सुरुवातीला सगळं ठीक होतं. ऊन मऊ होतं, पोट हलकं वाटत होतं, भैयाजींना वाटलं की निभावलं. गोसीखुर्दला जाऊन पाणी पाहायचा बेत होता, तो रद्द झाला म्हणून बुडालेल्या वाइनरीची जागा दाखवण्याची पाळीही टळली होती. तेवढ्यात धर्मेंद्रजी सीटवरून उठून पायडल मारू लागले. वेग वाढला. आणखी वाढला. पिवळा टी-शर्ट लांब जाऊ लागला.

भैयाजींच्या पोटात गोळा आला. तो कशाचा होता हे त्या वेळी त्यांना कळलं नाही. त्यांना वाटलं, समजलं! ह्या माणसाला सगळं समजलं आणि तो चालला. आता थेट नागपूर. आता फोन लावणार, निर्मलाबाईंना सांगणार, सोयरीक मोडणार.

"ओ धर्मेंद्रजी! थांबा ना जी!" भैयाजी ओरडले आणि गुलाबी सायकल त्यांनी जिवाच्या आकांतानं हाणली. टोपलीतला चिवडा उडू लागला. फुलपाखराची घंटी आपोआप वाजू लागली. "माहं ऐकून तं घ्या! पोरीची काही चूक नाही त्याच्यात!"

धर्मेंद्रजींनी मागे पाहिलं आणि आणखी वेग घेतला. धान कापणाऱ्या बाया विळे खाली ठेवून उभ्या राहिल्या. एक म्हणाली, "शर्यत हाय वाटते." दुसरी म्हणाली, "नाही व, पैसे बुडवून चालला असंल तो चड्डीवाला." पुढे एका बांधीपाशी धर्मेंद्रजींनी सायकल थांबवली नाही, टाकली. शिरस्त्राणासकट ते धुऱ्यावर चढले आणि तुरीत गडप झाले.

भैयाजी मागोमाग पोचले. एकांतात फोन करायला गेला असणार, असं मनात येऊन त्यांनी तुरीत पाऊल टाकलं आणि नेमक्या त्याच क्षणी पोटातल्या गोळ्याचा अर्थ त्यांना समजला. त्यांनी टोपलीतली बाटली उचलली आणि धुऱ्याच्या अलीकडे, मिळेल तिथे, ते बसले.

काही वेळ नुसता वारा होता.

मग धुऱ्याच्या पलीकडून आवाज आला. "कोण आहे?"

"मी आहे. भैयाजी."

"पाणी आहे का?"

भैयाजींनी बाटलीकडे पाहिलं. बाटली एकच होती आणि माणसं दोन. ही बाटली हाती असताना कोणतीही अट घालता आली असती, हे एका क्षणापुरतं त्यांच्या मनात येऊन गेलं. पण पलीकडे पोरीचा सासरा होता, आणि अशा वेळी माणसानं माणसाशी कसं वागावं हे कोणाला शिकवावं लागत नाही. त्यांनी बाटली धुऱ्यावरून पलीकडे सरकवली.

"अर्धं ठेवजा."

"ठेवतो."

त्या अर्ध्या बाटलीनं भैयाजींच्या मनाचं झाकण उघडलं. तोंडं दिसत नव्हती म्हणूनही असेल. "धर्मेंद्रजी," ते तुरीला उद्देशून म्हणाले, "एक सांगतो. आमच्याकडे वाइनरी नाही. एकही नाही. ते वैद्यांचं औषध होतं. मात्रा दोन चमचे. मी तुम्हाले पेले पाजले. पोरीनं दहादा सांगतलं होतं, खोटं बोलू नका म्हणून. चूक माही आहे, तिची नाही. तुम्हाले सोयरीक मोडायची असंल तं मोडा. पण तिले काही बोलू नका."

पलीकडे तुरीचं एक झाड हललं. मग धर्मेंद्रजी म्हणाले, "ते मले पहिल्या घोटातच समजलं. अभयारिष्ट. माही माय दर शनिवारी पाजत होती ना मले."

"मंग दुसरा पेला कायले घेतला जी?"

"तुम्हीच म्हटलं, आवडीनुसार! मले वाटलं, तुमच्या इकडची रीत असंल. मंडईत पाव्हण्याले पयले ठासून चारायचं अन् मंग साफ करायचं. पोरीकडच्याचं मन कसं मोडू? घरून निघताना निर्मलानं बजावलं, तिथं तोंड उघडू नका. जे दिसंल त्याले इंटरेस्टिंग म्हणा, जे वाढतील ते खा. म्हणे, मागच्या वेळी तुमच्या तोंडानं सोयरीक मोडली, ह्या वेळी मोडली तं घरात घेणार नाही."

भैयाजींनी बसल्या जागी हिशेब लावला. म्हणजे सकाळपासून दोन माणसं एकमेकांना भिऊन सायकली हाकत होती. "मंग मी हाक मारून राहिलो तं पळाले कायले?"

"थांबलो असतो तं काय झालं असतं, तुम्हीच सांगा."

हे पटण्यासारखं होतं.

धुऱ्यावरून बाटली परत आली. अर्ध्याहून थोडी जास्तच भरलेली होती. भैयाजींच्या डोळ्यांत पाणी आलं. रुचिका बऱ्या घरी पडणार होती.

"तुळशीचं लग्न झाल्यावरचा रविवार कसा वाटते?" पलीकडून विचारणा झाली. "साक्षगंधाले?"

"चांगला आहे ना जी! मंजूर!"

"मंजूर."

दोन बांध्या सोडून तिसऱ्या तुरीतून कवडूचा आवाज आला, "माह्यासाठी पाणी ठेवजा गा कोणी!" आणि त्याच्याही पलीकडून अनुपचा, अगदी बारीक, "मलासुद्धा!"

संध्याकाळी चौघं सायकली ढकलत लाखनीला पोचले. उषाबाई दारातच उभ्या होत्या. त्यांनी चौघांची चाल पाहिली, पडलेले चेहरे पाहिले आणि त्यांचा जीव खाली-वर झाला. धर्मेंद्रजींना आत खाटेवर निजवून त्यांनी नवऱ्याला कोपऱ्यात घेतलं.

"काय झालं? मोडली?"

"ठरली. तुळशीच्या लग्नानंतरचा रविवार."

उषाबाईंनी देवाला हात जोडले. मग त्यांना शंका आली. "कुठं ठरलं? त्या वाइनरीत?"

"नाही. वावरात."

"वावरात? असं कसं? चार माणसं साक्षीले नको काय? कोण होतं तिथं?"

"कवडू होता. अनुप होता. आम्ही दोघं."

"मंग रीतसर बसून ठरलं ना? नाहीतं रस्त्यानं चालता चालता काहीतरी बोलून आले असान."

भैयाजींनी क्षणभर विचार केला. आता खोटं बोलायचं नाही, असं त्यांनी तुरीतच ठरवलं होतं.

"नाही नाही," ते म्हणाले. "सगळे बसूनच होते."